मुळावरून, भीमा

आमच्या वाचनालयातलं ते चित्र मी शोधून काढलं, असं गेल्या वर्षभरात मी निदान चाळीस माणसांना सांगितलं असेल. खरं तर ते हरवलेलंच नव्हतं. श्रीरामपुरातल्या आमच्या वाचनालयाला रंग द्यायचा होता, म्हणून संदर्भग्रंथांचं कपाट पुढे ओढलं, तर मागच्या भिंतीवर ते टांगलेलं. कपाट ओढलं दोन रंगाऱ्यांनी. मी बाजूला उभा राहून "सांभाळून" म्हणत होतो. शोधातला माझा वाटा एवढाच.

वहीच्या पानाहून थोडं मोठं, लाकडी ठशावरून काळ्या शाईत छापलेलं चित्र. नदीकाठी एक बाई कडेवर घागर घेऊन उभी आहे आणि पाण्याकडे बघते आहे. मागे एक बगळा. बाईच्या चेहऱ्यावर, काहीतरी बोलायचं होतं पण आता राहू दे, असा भाव. तो मी चांगला ओळखतो. आयुष्यातल्या बहुतेक सभांना मी तोच चेहरा घेऊन बसलो आहे. चित्राखाली बारीक टायपात दोन शब्द: 'मुळावरून, भीमा'. तारीख नाही, सही नाही, कुठल्या छापखान्याचं नाव नाही.

सुहास आमच्या वाचनालयाचा अध्यक्ष. त्याचं औषधांचं दुकान आहे, वाचतो बेताचं, पण कामं करतो. तो म्हणाला, सर, हे कुणाचं आहे ते तुम्हीच काढा शोधून, वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होतायत, कॅलेंडरवर घेऊ. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी "बघतो" म्हणतो. मराठीच्या निवृत्त शिक्षकाला चित्रातलं काय कळतं, हा प्रश्न त्यालाही पडला नाही आणि मलाही पडला नाही, हे जास्त वाईट.

देणग्यांच्या जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. पुरावा काहीच नसल्यामुळे माझा सिद्धान्त मोकळेपणाने वाढू लागला. मुळा ही आपल्या जिल्ह्यातली नदी. भीमा ही जिल्ह्याच्या दक्षिणेच्या हद्दीवरून वाहणारी नदी. म्हणजे कोणी एक भटका चित्रकार मुळेवरून निघून चित्रं काढत काढत भीमेपर्यंत चालत गेला, आणि हे त्या प्रवासातलं चित्र. दोन महिन्यांत मला तो चित्रकार दिसूही लागला. त्याला मी दाढी दिली होती.

दोन गोष्टी तेवढ्या टोचत होत्या, आणि दोन्ही नीलांबरीने काढल्या. नीलांबरी माझी बायको. तिने पोस्टात तीस वर्षं पत्ते वाचून पत्रं वेगळी केली, त्यामुळे कागदावरचं काही तिच्या नजरेतून सुटत नाही. ती म्हणाली, "हिची नथ उजव्या नाकपुडीत कशी?"

मी त्यावर अर्धं पान लिहिलं. चित्रकाराने बाई काढलेलीच नाही, मुळेच्या पाण्यातलं तिचं प्रतिबिंब काढलंय, म्हणून डावं ते उजवं झालं. हे अर्धं पान मला इतकं आवडलं की मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"मग घागरपण प्रतिबिंबातली?"

मी हो म्हणालो.

"आणि बगळा?"

मी म्हणालो की कलेची अशी उलटतपासणी करायची नसते. पाण्यातल्या प्रतिबिंबात माणसाचं डोकं खाली दिसतं, हे मला लेख छापून आल्यावर सुचलं.

तिची दुसरी शंका व्याकरणाची होती. नदी मुळा, तर 'मुळेवरून' नको का? शाळा, शाळेवरून, तसं. मराठीच्या मास्तराला हे पोस्टातल्या बाईने विचारावं. मी तळटीप घातली: 'ग्रामीण बोलीत असे सामान्यरूप आढळते.' कुठे आढळते ते लिहिलं नाही, कारण मला ते कुठेच आढळलं नव्हतं.

वाचणाऱ्यांपैकी काहींना आता खरं काय ते कळलं असेल. माझी त्यांना विनंती आहे की त्यांनी थोडा धीर धरावा. मला कळायला आणखी पाच आठवडे लागले.

'मुळा ते भीमा: एका अनाम चित्रकाराची पदयात्रा' हा लेख आमच्या वार्षिक अंकात आला. लोकांनी कौतुक केलं, विशेषतः सुरुवातीच्या परिच्छेदाचं, ज्यात डोंगरातून उतरणाऱ्या मुळेचं वर्णन आहे. मी नजर खाली घालून ते स्वीकारलं. त्या परिच्छेदाबद्दल मला पुढे बोलावं लागणार आहे, पण जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकलतो.

मग एका दुपारी फोन आला. चांगुणा नावाच्या बाई, प्रवरेकाठच्या एका खेड्यातून बोलत होत्या. मी म्हणजे दत्तोपंत सरच ना, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

"तुमी त्या भीमा नदीवर लिव्हलंय ना, ते वाचलं. ती नदी न्हाई. माझे वडील हायेत ते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी दुःखाच्या आवाजात विचारलं की ते केव्हा गेले.

"कुठं गेले? आत्ता जेवून झोपलेत."

हे मी सुहासला कळवलं, तर तो दुकानातच उभा राहून नाचायचा बाकी राहिला. चित्रकार जिवंत आहे म्हणजे सत्कार करता येईल. तासाभरात त्याने माझ्या मोबाईलवर कॅलेंडरचा नमुना पाठवला. वर ते चित्र, खाली जाड अक्षरात 'मूळ चित्र: चित्रकार भीमा राम पटारे', आणि मागच्या पानावर माझा मुळेवरचा परिच्छेद, माझ्या नावासकट. सत्काराची तारीख डिसेंबरमधली ठरली. मी नमुन्याचा कागद छापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो. पदयात्रेचा सिद्धान्त बुडाला होता, पण 'मुळेवरचा भीमा' असा नवा सिद्धान्त बस जवळच्याच बेलापूरला पोचेपर्यंत तयार झाला. माणसाची खोड जात नाही.

भीमाजी सत्त्याऐंशी वर्षांचे. पडवीत बाजेवर बसले होते. अंगाने काटकुळे, पण बोटं अजून चपळ. बोलताना अंगठा आणि तर्जनी हवेतून काहीतरी बारीक उचलत असायची. त्यांनी उभी हयात श्रीरामपुरातल्या एका छापखान्यात काढली होती, कंपोझिटर म्हणून. जुना शब्द जुळारी. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, उचलायचं आणि ओळीत लावायचं. चांगुणाबाई त्यांची थोरली लेक, आता साठी ओलांडलेली. तिने चहा आणला आणि मी ऐटीत तो कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा न लावता वाचला. मग बोट ठेवलं 'मूळ चित्र' या शब्दांवर.

"ह्ये खोटं हाय. काडा."

मला वाटलं विनय असेल. मी म्हणालो, चित्र तुमचंच ना? ते म्हणाले, कोरलंय मी, पण चित्र माझं न्हाई. चांगुणाबाईंनी आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रंगीत कागद होता, पोस्टकार्डापेक्षा लहान, कडेने फाटलेला. पूर्वी गिरणीच्या कापडाच्या ताग्यावर असं लेबल चिकटवलेलं असायचं. त्यावर तीच बाई, तीच घागर, तोच बगळा. नथ डाव्या नाकपुडीत. गिरणीचं नाव असलेला कोपरा फाटून गेला होता.

मी विचारलं, मग तुमच्या चित्रात सगळं उलटं कसं?

भीमाजी हसले. खिळे कारखान्यातून उलटेच घडून येतात, ते म्हणाले, जुळाऱ्याला ते उलटे करायला लागत नाहीत, नुसते लावायचे. चित्र मात्र लाकडावर आधी उलटं काढायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कार्बन ठेवून लेबल सरळ उतरवलं, महिनाभर कोरलं, आणि छापलं तेव्हा नथ दुसरीकडे गेली. अक्षरं तेवढी बरोबर उमटली. माझं पाण्यातलं प्रतिबिंब हे असं होतं.

"आणि ते मुळेवरून?" मी विचारलं. अजून थोडी आशा होती.

"मुळेवरून कुठंय? मुळावरून हाय ते. मूळ दुसऱ्याचं, त्यावरून मी. त्याचं नाव ठाऊक न्हाई, म्हनून त्याचं लावलं न्हाई. माझं तेवढं लावलं."

शब्दाच्या उपान्त्य अक्षरातला दीर्घ ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. फूल, फुलाला. मूल, मुलाला. मूळ, मुळाला. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, याच क्रमाने. तिसरं उदाहरण सांगताना पोरं कंटाळलेली असायची, त्यामुळे मी ते जरा मोठ्याने म्हणत असे.

उरलेला चहा मी एका घोटात संपवला. तेवढ्यात भीमाजी माझ्याकडे बारीक डोळे करून बघायला लागले. म्हणाले, तुमचा चष्मा तेव्हा काळ्या काड्यांचा होता. ते चित्र छापल्यावर ते वाचनालयात घेऊन आले होते, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी. तिथे रोज संध्याकाळी एक मास्तर वाचत बसायचे. एवढं वाचणाऱ्या माणसाला लेबलावरच्या चित्रकाराचं नाव ठाऊक असेल, मग ते नाव खाली जुळवता येईल, असं त्यांना वाटलं होतं. म्हणून त्यांनी लेबल आणि चित्र दोन्ही त्या मास्तरांपुढे ठेवलं.

"मग मी काय म्हणालो?"

"तुमी लई वेळ बघितलं. आन म्हनला, मूळचा ऊ ऱ्हस्व केलात, शाबास. बरेच जुळारी तिथंच चुकत्यात."

चांगुणाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला ते काही आठवत नाही. पण तो मास्तर मी नसेन, अशी शंकासुद्धा घ्यायला जागा नाही. श्रीरामपुरात दुसरं कुणीच असं बोललं नसतं. म्हणजे जे शोधायला मला दोन महिने आणि एक तळटीप लागली, ते मी एकदा बरोबर वाचलं होतं, तपासलं होतं आणि गुणही दिले होते. माणसाने काय विचारलंय एवढंच ऐकलं नव्हतं. नाव न मिळाल्यामुळे भीमाजी ते चित्र तिथेच ठेवून गेले होते, कुणी ना कुणी ओळखेल म्हणून.

निघताना त्यांनी तो नमुन्याचा कागद माझ्या हातात परत दिला. आवाज चढवला नाही.

"मास्तर, उभ्या जन्मात मी छापखान्यातला एक खिळा खिशात घालून घरी आनला न्हाई. आता मरायच्या टायमाला दुसऱ्याच्या चित्रावर मूळ म्हनून माझं नाव नको. तुमीच लिव्हलंय, तुमीच काडा."

मी "बघतो" म्हणालो. चांगुणाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "सर, नुसतं बघू नका. रात्री झोपत न्हाईत ते."

सुहासने माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्याने मला गोळ्यांच्या खोक्यावर बसवलं आणि प्रेमाने समजावलं. गिरणी जी कुठली असेल ती बंद पडून जमाना झाला असेल. लेबल काढणारा माणूस कधीच गेला असेल. तक्रार करणार कोण? हल्ली सगळेच इकडचं उचलून तिकडे टाकतात, सकाळपासून त्याच्या मोबाईलवर जी सुप्रभाताची चित्रं आली ती काय पाठवणाऱ्यांनी काढली होती? शिवाय पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि शेवटी म्हणाला, "सर, हसं तुमचंच होईल." तो माझ्या काळजीनेच बोलत होता. मला ते इतकं पटलं की घरी येईपर्यंत मी प्रत्येक पावलाला मान डोलावत होतो. भीमाजींना काय सांगायचं तेही जुळवलं: तांत्रिक अडचण.

नीलांबरीने ऐकलं आणि म्हणाली, "मग त्यांना तसं कळवा ना. आमचं हसं होऊ नये म्हणून तुम्हाला चोर करतोय, असं."

शनिवारी कार्यकारिणीची बैठक होती. सात माणसं. त्या खोलीत मी अकरा वर्षं सदस्य आहे आणि माझी आजवरची भाषणं म्हणजे "अनुमोदन". मी एक पान लिहून नेलं होतं. उभा राहिल्यावर ते घडी घालून खिशात ठेवलं आणि तसंच सांगितलं. मी चुकलो, शब्द नीट वाचला नाही, तळटीप मनाची आहे, चित्र नक्कल केलेलं आहे, आणि नक्कल करणाऱ्याने ते चित्राखालीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. त्याला आपण खोटं पाडतोय.

एकदा तोंड उघडलं की न बोलणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. मी पुढे म्हणालो की कॅलेंडरच्या मागचा मुळेवरचा परिच्छेदही माझा नाही. जिल्ह्याच्या एका जुन्या माहितीपुस्तकातून मी तो उतरवला आणि कुठून घेतला ते लिहिलं नाही. सातवी शिकलेल्या जुळाऱ्याला जे सुचलं ते मला सुचलं नाही. आता राजीनामा मागतील, असं वाटलं.

सुहास शांतपणे म्हणाला, "सर, ते माहीत आहे आम्हाला. पुस्तक आपल्याच लायब्ररीत आहे. 'अवखळ'चं 'उतावीळ' केलंत, तेवढंच."

कोपऱ्यातल्या निवेदिताताई, आमच्या ग्रंथपाल, म्हणाल्या की मी मधली एक ओळ गाळली, ती खरं तर चांगली होती.

म्हणजे चाळीस लोकांनी माझं कौतुक केलं, त्यातल्या निदान सहा जणांना ठाऊक होतं. घरी येऊन हे सांगितलं तर नीलांबरी म्हणाली, तिलाही ठाऊक होतं. उतावीळ हा शब्द मी फक्त तिच्याबद्दल वापरतो, नदीबद्दल वापरलेला बघून तिला संशय आला होता. या वयात माणसाला आपली चोरी उघड झाल्याचं दुःख होत नाही. ती कधी लपलीच नव्हती, याचं होतं.

कॅलेंडरवरची ओळ बदलायचं ठरलं. परिच्छेद पुस्तकाच्या नावासह, गाळलेल्या ओळीसह घ्यायचं ठरलं. सुहासने 'मूळ चित्रकार: अज्ञात' असं सुचवलं. मला तो शब्द भारदस्त वाटला. मी फोनवर चांगुणाबाईंना वाचून दाखवला. त्यांनी वडिलांना विचारलं आणि परत आल्या.

"बाबा म्हनत्यात, अज्ञात असं रेल्वेखाली सापडलेल्या मानसाला लिव्हत्यात पेपरात. 'ठाऊक नाही' लिव्हा. आपल्याला ठाऊक न्हाई, तर आपलं लिव्हायचं."

सुहासला कॅलेंडरवर 'ठाऊक नाही' दिसणं बरं वाटत नव्हतं, पण माझ्यात त्या आठवड्यापुरता धीर शिल्लक होता. अखेर ओळ अशी छापली: 'मूळ चित्र कापडाच्या एका लेबलावरचे, ते कोणी काढले ठाऊक नाही. त्यावरून लाकडावर कोरले भीमा राम पटारे यांनी.' नमुना भीमाजींकडे तपासायला पाठवला. तो दोन दुरुस्त्या होऊन परत आला. दोन्ही माझ्या मजकुरातल्या.

कार्यक्रमाला ते आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, बाजूला चांगुणाबाई. सूत्रसंचालकाने सवयीने "थोर चित्रकार" म्हटलंच. सुहासने शाल पांघरली, नारळ दिला. भीमाजींनी ध्वनिक्षेपक तोंडाशी ओढला.

"शाल घेतो, थंडी हाय. पन चित्रकार म्हनू नका."

लोक हसले. मग त्यांनी खिशातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, लेबल दोन बोटांत धरून वर केलं आणि विचारलं, "ह्ये कुनी काडलं, कुनाला ठाऊक हाय का?"

सभागृहात टाळ्या पडल्या. भाषण संपलं असंच सगळ्यांना वाटलं. ते हात वर धरून तसेच उभे राहिले आणि त्यांनी पहिल्या रांगेत माझ्याकडे बघितलं. मीही टाळ्या वाजवत होतो.

मी उठलो. व्यासपीठाच्या पायरीला अडखळलो, ध्वनिक्षेपक हातात घेतला तर तो किंचाळला. म्हणालो, "ते भाषण नाही. प्रश्न आहे. कुणाला माहीत असेल तर सांगा." पुढे काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, म्हणून तिथेच उभा राहिलो. कुणीतरी खोकलं. मग मागच्या रांगेतून गोरक्षनाथ नावाचे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या आजोबांचं इथेच कापडाचं दुकान होतं, आणि घरी माळ्यावर अशा लेबलांची एक ट्रंक आहे, बहुतेक. बघून सांगतो म्हणाले.

"कदी?" भीमाजींनी विचारलं.

रविवारपर्यंत, ते म्हणाले.

त्याला सहा रविवार झाले. मी गोरक्षनाथांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, माळा उंच आहे, शिडी आणायची आहे. चांगुणाबाईंचा मला दर सोमवारी फोन येतो. भीमाजी आता झोपतात, पण सोमवारी सकाळी लवकर उठून बसतात, असं त्या म्हणाल्या. तिसरा फोन करायचा म्हणून मी आज सकाळपासून मोबाईल हातात धरून आहे. शेवटी फोन न करता या रविवारी स्वतःच त्यांच्याकडे जायचं ठरवलं. नीलांबरी शिडी धरायला येते म्हणाली.